अण्णांना जिना चढवत नाही

ग्रंथपालांनी जन्मात कुणाला फसवलं नव्हतं. सभ्यपणा हे त्याचं एक कारण होतंच, पण खरं कारण असं की फसवायला समोरच्याशी बोलावं लागतं, आणि त्यांची सगळी नोकरी लोकांना 'बोलू नका' म्हणण्यात गेलेली. कॉलेजच्या वाचनालयात कुठे कुजबुज झाली की ते नुसते चष्म्यावरून बघायचे आणि ती कुजबुज जागच्या जागी मान टाकायची. असा माणूस एका हॉटेलच्या दारात, घामाघूम होऊन, चाकांची खुर्ची ढकलत उभा राहील, आणि त्या खुर्चीत शाल पांघरून अण्णा बसलेले असतील, हे त्यांच्या शत्रूलाही सुचलं नसतं. अर्थात त्यांना शत्रू नव्हता. तेवढी कुणाशी ओळखच नव्हती.

अण्णा म्हणजे त्यांचा कुत्रा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण ज्यांना हे वेळेवर सांगितलं गेलं नाही त्यांचे पुढे फार हाल झाले.

मुलीनं त्याला घरी आणलं तेव्हा ते ओंजळीएवढं पिल्लू होतं. पण त्या पिल्लाच्या भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, आणि तोंडावर 'काय चाललंय हे घरात?' असा कायमचा भाव. मुलगी म्हणाली, "हा तर अगदी अण्णा दिसतो." संपलं. आपल्या भाषेत एकदा एखाद्याला अण्णा म्हटलं की मग त्याला अरे-तुरे करायला जीभ वळत नाही. 'अण्णा जेवला' असं म्हणून बघा, आपल्यालाच आपण उद्धट वाटतो. तेव्हा घरात पहिल्या दिवसापासून अण्णा जेवले, अण्णा निजले, अण्णांनी सोफ्याचा कोपरा खाल्ला, असंच चालू झालं. पुढे मुलगी नोकरीसाठी लांब गेली आणि अण्णा आईवडिलांकडे राहिले. बघता बघता म्हातारे झाले. गुडघे गेले, दाढा गेल्या, कान मनात असेल तेव्हाच चालू लागले. भूक तेवढी तरुण राहिली.

ग्रंथपालांची बायको नर्स होती. इमारतीत सगळे तिला सिस्टर म्हणत, आणि रागात असले की ग्रंथपालही. सिस्टर निवृत्त झाल्या त्या दिवशी हॉस्पिटलात निरोपाची भाषणं झाली, कुणी रडलं, कुणी घड्याळ दिलं. घरी आल्यावर ग्रंथपालांनी औदार्याच्या भरात विचारलं, "तुला माझ्याकडून काय हवं?" त्यांना वाटलं होतं, 'काही नको' असं उत्तर येईल. इतकी वर्षं तेच आलं होतं.

"समुद्र," सिस्टर म्हणाल्या.

"समुद्र?"

"समोर नुसतं बसायचंय. चार दिवस. जन्मभर उभी होते मी."

एवढ्या रास्त मागणीला नाही कसं म्हणणार? "जाऊया की," ग्रंथपाल म्हणाले. "आणि अण्णांचं...?"

"अण्णा येणार," सिस्टर म्हणाल्या. "मला त्यांच्या काळजीत समुद्र बघायचा नाही."

तरीही ग्रंथपालांनी आधी सोपा मार्ग शोधला. वरच्या मजल्यावर शिकवण्या घेणाऱ्या बाई होत्या. त्या म्हणाल्या, "ठेवा हो माझ्याकडे. मी घरभर पोरं सांभाळते, एका कुत्र्याचं काय?" रंगीत तालीम म्हणून अण्णांना एका दुपारी तिथे सोडलं. अण्णा आत गेले, घर पाहिलं, आणि शिकवणीच्या खोलीच्या उंबऱ्यावर आडवे पसरले. झालं. आतली पोरं बाहेर येईनात, बाहेरची आत जाईनात. आतल्यांचा गणिताचा एकच तास दिवेलागणीपर्यंत चालला. पोरांना अपूर्णांक पाठ झाले ते झालेच. बाई स्वतः अण्णांना परत घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "चांगले आहेत हो तुमचे अण्णा. पण शिस्तीला फार कडक. माझ्याच्यानं नाही निभायचं."

मग हॉटेलांना फोन सुरू झाले. ग्रंथपाल शिकल्या-सवरल्या माणसासारखे पहिल्याच वाक्यात 'आमच्यासोबत कुत्रा आहे' असं सांगायचे आणि दुसरं वाक्य बोलायची वेळ यायची नाही. एका ठिकाणी मात्र बाई गोड आवाजात म्हणाल्या, "लहान असेल तर चालेल हं."

"किती लहान?"

"टोपलीत मावेल एवढा."

अण्णा टोपलीत मावले नसते. टोपली अण्णांत मावली असती. एकदा मावलीही होती.

दुसऱ्या एका हॉटेलानं कळवलं की कुत्रा चालेल, मात्र तो शांत स्वभावाचा असल्याचा सरकारी दाखला हवा. ग्रंथपालांना दाखला म्हटलं की हुरूप येतो. ते नगरपालिकेत गेले, रांगेत उभे राहिले. खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "कुत्रा भुंकतो का?"

"नाही. म्हणजे क्वचित."

"मग तक्रार काय?"

"तक्रार नाही. भुंकत नाही असा दाखला हवाय."

कारकुनानं आता मान वर केली. "साहेब, इथे भुंकत असल्याची तक्रार घेतो आम्ही. न भुंकल्याची नोंद कुठे ठेवणार? उद्या लोक चावला नाही म्हणून येतील."

"पण दाखला देतं कोण?"

"आधी त्याच्याविरुद्ध तक्रार होऊ द्या. मग आमचा माणूस येऊन बघेल. तक्रारीत तथ्य नाही असा शेरा मारला की तोच तुमचा दाखला." आणि मग, माणुसकीनं, "शेजाऱ्याशी भांडण आहे का तुमचं एखाद्या?"

नव्हतं. ग्रंथपालांना आयुष्यात प्रथमच आपल्या शांत स्वभावाची चीड आली.

हे सगळं त्यांनी खालच्या मजल्यावरच्या निवृत्त वकिलांना सांगितलं. वकील ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सल्ला देत. फी बंद झाल्यापासून त्यांचे सल्ले जास्तच धाडसी झाले होते.

"ग्रंथपाल, तुम्ही कुत्रा हा शब्द काढताच कशाला?" वकील म्हणाले.

"मग काय खोटं बोलू?"

"छे छे! खोटं बोला असं कोण म्हणतंय? अगदी खरं बोला. फक्त जेवढं विचारतील तेवढंच. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं यासारखा दुसरा मूर्खपणा नाही. माझे अर्धे अशील त्यापायी आत गेले."

सिस्टर भाजी आणायला गेलेल्या असताना ग्रंथपालांनी शेवटच्या हॉटेलला फोन लावला. हॉटेल समुद्राला लागून होतं, सगळ्या खोल्यांपुढे बाग. मॅनेजरांचा आवाज मऊ आणि अदबीचा होता.

"किती जण येणार, साहेब?"

"मी, आमची मंडळी, आणि," ग्रंथपालांनी दाराकडे एकदा बघून घेतलं, "आमचे अण्णा."

"अच्छा, अण्णा. वयस्कर असतील?"

"बरेच."

"मग खालच्या मजल्यावरची खोली देतो. जिना चढवतो का त्यांना?"

"अण्णांना जिना चढवत नाही. गुडघे गेलेत."

"अरेरे. ऐकायला येतं?"

"मनात असेल तर."

मॅनेजर हसले. "सगळ्यांचं सारखंच. खाण्याचं पथ्य?"

"मऊ भात. मीठ नाही. दाढा नाहीत ना."

"होईल व्यवस्था. काही हट्टी-बिट्टी?"

"परक्यानं हात लावलेला खपत नाही. पण एकदा माया लागली की जागचे हलत नाहीत."

पलीकडचा आवाज आणखी मऊ झाला. मग मॅनेजर म्हणाले, "साहेब, एक बोलू? आजकाल म्हाताऱ्या वडिलांना बरोबर घेऊन फिरायला येणारा मुलगा बघायला मिळत नाही. तुम्ही या. अवश्य या."

वडील! ग्रंथपालांनी तोंड उघडलं. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही. आणि हा तर प्रश्नही नव्हता. सगळी नोकरी दुसऱ्यांना गप्प बसवणारा तो माणूस त्या क्षणी स्वतः गप्प बसला, आणि आजवरची त्याची सगळ्यात मोठी थाप एकही शब्द न उच्चारता मारली गेली.

सिस्टरना त्यांनी एवढंच सांगितलं, "झाली व्यवस्था. अण्णांसकट."

"बघा," सिस्टर म्हणाल्या, "सरळ बोललं की कामं होतात."

भाड्याची गाडी करून मंडळी निघाली. अण्णा मागच्या सीटवर सिस्टरांच्या मांडीवर डोकं ठेवून, त्यांची शाल पांघरून झोपले होते. ड्रायव्हर भला माणूस होता. वाटेत दोनदा शिंकला आणि दोन्ही वेळा अण्णांचीच माफी मागितली. दुपार कलताना गाडी हॉटेलच्या फाटकातून आत वळली. पायरीपाशी टाय लावलेले, किडकिडीत मॅनेजर उभे होते. त्यांच्यामागे दोन नोकर. आणि नोकरांच्या हातात नवीकोरी, चाकांची खुर्ची.

"या, या! अण्णा कुठेत?" मॅनेजर गाडीशी आले. मागच्या काचेतून शालीचा उंचवटा दिसला. त्यांनी लगेच आवाज खाली आणला. "झोपलेत?"

"झोपलेत," ग्रंथपाल म्हणाले. तेही खरंच होतं.

"शूऽऽ!" मॅनेजरांनी नोकरांना दटावलं. वाचनालयात उभा जन्म काढलेल्या ग्रंथपालांनाही इतका मनापासूनचा 'शू' कधी जमला नव्हता. "मोठी माणसं झोपलीयेत, सामान हळू उतरवा. साहेब, मी चावी घेऊन येतो. खुर्ची इथेच ठेवतो. परका हात चालत नाही ना त्यांना, माझ्या लक्षात आहे."

ते आत वळताच, आणि नोकर बॅगा घेऊन त्यांच्यामागे जाताच, सिस्टर म्हणाल्या, "अहो, हे कुणाविषयी बोलतायत?"

"आत गेल्यावर सांगतो."

"ती खुर्ची कुणासाठी?"

"सिस्टर, आत्ता नको!"

सिस्टर एरवी काय करत्या सांगता येत नाही, पण तेवढ्यात अण्णा जागे झाले. गाडीतून उतरले, अंग झाडलं, आणि समोर खुर्ची दिसली. रिकामी खुर्ची दिसली की चढून बसायचं हे अण्णांचं जन्माचं तत्त्व. ते चढले, पुढचे पाय जुळवून ऐटीत बसले. ग्रंथपालांनी शाल डोक्यावरून ओढली, हनुवटीखाली खोचली, आणि देवाचं नाव घेऊन खुर्ची ढकलली.

"वाट द्या, जरा वाट द्या, वयस्कर आहेत," म्हणत मॅनेजर पुढे. मग अण्णा. मग ग्रंथपाल. सगळ्यात मागे पिशवी घेऊन सिस्टर, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो भाव, जो आजवर फक्त चुकीचं इंजेक्शन भरणाऱ्या शिकाऊ नर्सांनीच पाहिला होता. स्वागतकक्षात बरोबर खुर्चीच्या उंचीवर पाटी होती : 'पाळीव प्राण्यांना सक्त मनाई'. शालीतून नाक बाहेर आलं, पाटी हुंगली गेली, नाक आत गेलं. मॅनेजरांची पाठ होती म्हणून बचावले.

खोली मात्र अशी सुंदर की ग्रंथपालांना आणखीच अपराधी वाटलं. बाथरूममध्ये जागोजागी धरायला दांड्या बसवलेल्या. घसरू नये म्हणून रबरी चटया. जाड गादीचा एक बुटका पलंग खास अण्णांसाठी. मागच्या बाजूला व्हरांडा, पुढे बाग, आणि बागेपलीकडे समुद्र. दार लागल्याबरोबर अण्णा खुर्चीतून बुटक्या पलंगावर गेले आणि घोरू लागले. सिस्टर समुद्राकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"बोला."

ग्रंथपालांनी सगळं सांगितलं. वकिलांचं नावही घेतलं.

"म्हणजे मी कुत्र्याची सून?" सिस्टर म्हणाल्या.

"मी तसं म्हणालो नाही. ते वडील म्हणाले, मी फक्त नाही म्हणालो नाही."

"जाऊन सांगून या."

"आत्ता? आत्ताच तर त्यांनी..."

"आत्ता नसेल तर उद्या न्याहारीच्या आत. नाहीतर मी सांगते, आणि मी सांगितलेलं तुम्हाला आवडणार नाही." एवढं बोलून त्या व्हरांड्यात जाऊन बसल्या. पण समुद्राकडे बघतानासुद्धा त्यांच्या पाठीत राग दिसत होता.

संध्याकाळी अण्णांसाठी मऊ भात आला, वर भाज्यांचं पाणी. पाच मिनिटांत थाळी आरशासारखी झाली. थोड्या वेळानं दारावर थाप. बाहेर स्वतः आचारी, हातात तीच थाळी. गहिवरून म्हणाला, "साहेब, इथे लोक सतरा पदार्थ मागवतात आणि निम्मं टाकतात. अण्णांनी शीत ठेवलं नाही हो. त्यांना आवडलं का, एवढं फक्त सांगा."

"फार," ग्रंथपाल म्हणाले. "अजून थाळी कुठे गेली म्हणून बघतायत."

आचारी डोळे पुसत गेला. ग्रंथपालांना राहवेना. ते तडक मॅनेजरांकडे निघाले. वाटेत त्यांनी वाक्य जुळवलं : 'मला अण्णांविषयी एक गोष्ट स्पष्ट करायची आहे.' भारदस्त वाक्य होतं. दोनदा मनात म्हणून बघितलं.

"मला अण्णांविषयी एक..."

"साहेब, बरं झालं आलात!" मॅनेजर खुर्चीतून उठले. त्यांचे डोळे चमकत होते. "मलाच यायचं होतं. मी आज वडिलांना फोन केला."

"वडिलांना?"

"माझ्या. थोरल्या भावाकडे असतात, आत गावात. पूर्वी लाँचवर इंजिन सांभाळायचे. जन्म समुद्रावर गेला आणि आता खिडकीतून समोरची भिंत बघतात. मी इथे इतकी वर्षं आहे, पण कधी आणलं नाही त्यांना. वाटायचं, हॉटेलात म्हाताऱ्या माणसाची अडचण. खोकतात, चिडतात, पाहुणे काय म्हणतील, मालक काय म्हणतील. आज तुम्हाला ती खुर्ची ढकलत येताना पाहिलं आणि माझी मलाच लाज वाटली. सकाळी येतायत ते. आधी नको म्हणत होते. मी म्हटलं, तुमच्या वयाचे एक अण्णा आलेत, त्यांनाही कमी ऐकू येतं. तेव्हा तयार झाले. दोघं बसतील बागेत गप्पा मारत." मग आठवून त्यांनी विचारलं, "तुम्ही काही सांगत होतात?"

"नाही," ग्रंथपाल म्हणाले. "खोली छान आहे."

हे कळल्यावर सिस्टरांनी सरळ दिवा मालवला. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

सकाळी ग्रंथपाल दाढी करताना 'स्पष्ट करायची आहे' ऐवजी 'कबूल करायची आहे' म्हणावं का, या विचारात असतानाच हॉटेलात न्याहारीची घंटा झाली. अण्णांचे कान नेमके त्या वेळी चालू होते. त्यांनी मान वर केली आणि पोटातून असा एक दीर्घ, करुण सूर लावला की बागेतले पक्षी उडाले.

दारावर धडाधडा थापा. "साहेब! साहेब! काय झालं अण्णांना?" ग्रंथपालांनी दार चार बोटं उघडलं. बाहेर मॅनेजर, आणि त्यांच्याबरोबर गळ्यात रुमाल अडकवलेले, तोंडात पावाचा घास असलेले एक गृहस्थ. सुट्टीवर आलेले डॉक्टर होते. न्याहारीवरून ओढून आणलेले.

"बाजूला व्हा, बघू द्या," डॉक्टर घास गिळत म्हणाले.

"नको, आता बरे आहेत."

"तो आवाज बऱ्या माणसाचा नव्हता. श्वास कसा आहे?"

"जरा भरभर," ग्रंथपाल म्हणाले. खोटं बोलायची त्यांना अजूनही सवय झाली नव्हती. "जीभ बाहेर आहे."

"जीभ बाहेर? किती वेळ?"

"नेहमीच असते, दमल्यावर."

"नाक?"

"ओलं. गार."

"गार? अहो, मग हातपाय बघितले का?"

"चारही पाय ऊन आहेत."

डॉक्टरांनी मॅनेजरांकडे बघितलं. मॅनेजरांनी डॉक्टरांकडे बघितलं. "हे घाबरलेत," मॅनेजर हळूच म्हणाले. "वडिलांवर फार जीव आहे."

तेवढ्यात मागून एक हात आला आणि दार सताड उघडलं. सिस्टर होत्या. "डॉक्टर, आत या," त्या म्हणाल्या. "पेशंट लपवून ठेवायची मला सवय नाही. मॅनेजरसाहेब, तुम्हीही या आणि नीट बघून घ्या."

सगळे आत आले. बुटका पलंग रिकामा होता. व्हरांड्याचं दार उघडं होतं.

"चालत गेले?" मॅनेजर कपाळाला हात लावून ओरडले. "त्या गुडघ्यांनी?" आणि ते बागेकडे धावले. मागून डॉक्टर, मागून अर्धी दाढी साबणात असलेले ग्रंथपाल, मागून चालत, न धावता, सिस्टर.

बागेच्या टोकाला, समुद्राकडे तोंड करून ठेवलेल्या बाकावर एक उंच, वाळके म्हातारे बसले होते. नुकतेच आले असावेत, पिशवी बाजूलाच होती. त्यांच्या दोन्ही पावलांवर पोट टेकून, डोळे मिटून, अण्णा पसरले होते. म्हाताऱ्यांचा हात अण्णांच्या मानेवर होता.

"बाबा, तुम्ही इथे एक आजोबा पाहिलेत का? शाल पांघरलेले?" मॅनेजर धापा टाकत म्हणाले.

"काय?"

"आजोबा! अण्णा! इथून गेले का?"

"कोणी आलं नाही," म्हातारे म्हणाले. "तुझा तो अण्णा नाही आला तरी चालेल मला. हा बरा सोबतीला. पाय गार पडले होते, येऊन बसला. उगाच औषध घेतलं का, स्वेटर घातला का, असलं काही विचारत नाही."

आता मात्र पळवाट उरली नव्हती. ग्रंथपाल पुढे झाले. कालचं भारदस्त वाक्य कुठल्या कुठे गेलं होतं.

"हेच," ते म्हणाले. "हेच अण्णा."

मॅनेजरांनी खाली बघितलं. पांढऱ्या भुवया, पांढऱ्या मिशा. मग एकेक शब्द वेचल्यासारखा म्हणाले, "मऊ भात?"

"यांनीच खाल्ला."

"गुडघे?"

"यांचेच."

"परका हात?"

"तोही यांनाच. म्हणजे, आजवर चालत नव्हता."

"म्हणजे तुम्ही मला एक शब्दही खोटं सांगितलं नाहीत."

"नाही," ग्रंथपाल जरा आशेनं म्हणाले.

"ते जास्त वाईट आहे, साहेब."

डॉक्टरांनी तेवढ्यात आपल्याला थंड झालेली न्याहारी आठवल्याचं जाहीर केलं आणि ते गेले. मॅनेजरांनी टाय सरळ केला. आवाज तसाच मऊ होता, पण आता त्यात पाठीचा कणा आला होता. "मी सगळ्या नोकरांना तुमचं उदाहरण दिलं. गावाकडे बायकोला फोन करून सांगितलं. मी... माझ्या वडिलांना बोलावलं."

ग्रंथपालांची मान खाली गेली. अर्ध्या गालावरचा साबण वाळून कातडी ओढत होती, पण हात वर करायचं धाडस होईना. इतकी वर्षं ज्यांना ज्यांना त्यांनी चष्म्यावरून बघितलं होतं त्या सगळ्यांना कसं वाटलं असेल, ते त्यांना त्या बागेत समजलं.

"यांचं चुकलं," सिस्टर म्हणाल्या. "मी काही त्यांची बाजू घेणार नाही. पण मॅनेजरसाहेब, वडील खरेच आलेत तुमचे."

मॅनेजरांनी बाकाकडे बघितलं. बाकावरचे म्हातारे समुद्राकडे बोट दाखवत अण्णांना सांगत होते, की ती लांबची बोट आहे ना, तिचं इंजिन नीट पेटत नाहीये, धुरावरून कळतं.

"नियम म्हणजे नियम," अखेर मॅनेजर म्हणाले. "कुत्र्याला खोलीत ठेवता येणार नाही. ती खोली रिकामी करा. तिथे बाबा राहतील, सोबतीला मी; दांड्या त्यांना उपयोगी पडतील. स्वयंपाकघरामागे माझं घर आहे, दोन खोल्यांचं. ते हॉटेलात मोडत नाही. तिथे कोण येणार ते मी ठरवतो. तुम्ही दोघं राहा, आणि तो कुत्रा राहील." 'तो कुत्रा' हे शब्द त्यांनी दात आवळून उच्चारले. "एकच अट. आचाऱ्याला तुम्ही स्वतः जाऊन सांगायचं. मी सांगणार नाही."

ग्रंथपाल स्वयंपाकघरात गेले. आचाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हातातला डाव खाली ठेवला.

"म्हणजे," तो म्हणाला, "चव कळली ती कुत्र्यालाच."

मग आचाऱ्यानं सुस्कारा सोडला आणि विचारलं, "संध्याकाळी भाताबरोबर भोपळा चालेल का त्याला?"

पुढचे दिवस सिस्टर समुद्रासमोर बसल्या. सकाळी बसायच्या त्या दुपारी जेवायला उठायच्या, की पुन्हा बसायच्या. ग्रंथपालांशी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी काही कारण नसताना एकदम हसू लागल्या, आणि 'चारही पाय ऊन आहेत' म्हणत डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिल्या. ग्रंथपालांना हसावं की रागवावं कळेना. शेवटी तेही हसले, जरा जोरातच, आणि आजूबाजूचे चार लोक वळून बघू लागले. अण्णा आणि म्हातारे बाकावर असायचे. एक बोटींविषयी बोलत, दुसरे ऐकत, किंवा ऐकत नसत; बोलणाऱ्याला त्याची पर्वा नव्हती. मॅनेजर मात्र अडून होते. समोर आले की विचारत, "कुत्र्याला पाणी ठेवलं का? त्याला उन्हात बांधू नका." तो, त्याला, त्याचं. एकदाही चूक नाही. ग्रंथपालांना तो एकेक एकवचनी शब्द छडीसारखा लागायचा, पण ते मुकाट्यानं "हो" म्हणत.

निघायच्या सकाळी गाडी फाटकाशी आली. म्हातारे निरोपाला आले नाहीत. त्यांनी बाक सोडलाच नाही. आपण आणखी महिनाभर हलणार नाही असं त्यांनी मुलाला परस्पर सांगून टाकलं होतं, आणि मुलगा ते पाहुण्यांना तक्रारीच्या सुरात पण आनंदानं सांगत होता. आचाऱ्यानं डब्यात मऊ भात दिला. बॅगा चढल्या. सिस्टर आत बसल्या. ग्रंथपालांनी हात जोडून म्हटलं, "झालं गेलं..." आणि चष्मा पुसायला घेतला. मॅनेजरांनी नुसती मान हलवली.

ड्रायव्हरनं किल्ली फिरवली.

"अहो थांबा, थांबा!" मॅनेजर एकदम ओरडले. "अण्णा अजून बसले नाहीत!"

सगळे थबकले. अण्णा बागेच्या वाटेवरून, म्हाताऱ्यांचा निरोप घेऊन, गुडघे सांभाळत येत होते. मॅनेजरांना आपण काय बोललो ते कळलं. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी खाकरून टाय सरळ केला, "म्हणजे, तो..." असं म्हणाले, आणि थांबले. ग्रंथपाल दुसरीकडे बघू लागले. तेवढी समज त्यांना आली होती.

अण्णा गाडीपाशी पोचले आणि उंच सीटकडे बघत उभे राहिले. मग मॅनेजर खाली वाकले, एका हातानं दार धरलं, दुसरा हात अण्णांच्या पोटाखाली घातला, आणि हळू आवाजात म्हणाले,

"घाई नाही. सावकाश चढा."